आम्ही न पाहिलेला स्वल्पविराम

वडोदऱ्याहून आणंदकडे जाणारी आगगाडी मही नदीचा पूल ओलांडून वासदला पोहोचण्यापूर्वी नंदेसरी नावाच्या एका लहानशा स्थानकावर थांबते. स्थानक लहान, परंतु गावाला लागून रसायनांच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे. पहाटे पहिल्या पाळीचे लोक सायकलींवरून जाऊ लागले, की त्यांच्या बोलण्यात गुजराती, हिंदी, मराठी, भोजपुरी अशा किती तरी भाषा एकमेकींत मिसळून कानांवर येतात. आम्ही मूळचे कारवारचे. घरात कोंकणी, शाळेत मराठी, कचेरीत कानडी आणि आता बाजारात गुजराती, असा आमच्या जिभेचा प्रवास झाला. आणि पोटासाठी आम्ही शिकवतो इंग्रजी! इतक्या भाषांत वावरलेल्या माणसाला वाक्य कोठे संपते एवढे तरी कळत असावे, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. तो गर्व एका अर्जाने उतरविला. त्याचीच ही हकिकत आहे.

आमच्या वर्गातील एक विद्यार्थी एके दिवशी मधल्या सुट्टीत एक कागद घेऊन आला. त्याचे वडील खानदेशातून येथे आलेले असून वसाहतीतील एका कारखान्यात रोजावर काम करतात. आदल्या आठवड्यात ते तापाने आजारी पडले होते. आजारपणाची रजा हवी असेल, तर त्याच दिवशी कचेरीस कळवावे, असा तेथील नियम. वडिलांनी सोमवारी सकाळीच शेजाऱ्याच्या हाती निरोप धाडला होता आणि मंगळवारी ते स्वतः फाटकापाशी हजर झाले होते. तरीही त्यांच्याकडे लेखी खुलासा मागण्यात आला, आणि तोही इंग्रजीत. घरात इंग्रजी जाणणारा एकच इसम, तो म्हणजे नववीतला हा मुलगा. त्याने रात्री बसून अर्ज लिहिला आणि आमच्यापुढे ठेवला. त्यातील मुख्य वाक्य असे होते:

'माय फादर वॉज इल, ऑन मंडे, ही सेंट अ मेसेज टु द ऑफिस, ऑन ट्यूजडे, ही केम टु द गेट.'

आम्ही तांबडी शाई घेतली. 'मेसेज' या शब्दात एक अक्षर कमी होते, ते घातले. 'ऑफिस'च्या आधीचे उपपद गळले होते, ते लिहिले. सही कोठे करावी ते दाखविले, खाली 'ठीक' असा शेरा मारला आणि घंटा झाली म्हणून दुसऱ्या वर्गावर निघून गेलो. मूळ मजकूर आम्हांस तोंडी ठाऊक होता. त्यामुळे कागदावर जे नव्हते तेही आम्ही त्यात वाचले.

आठ दिवसांनी मुलगा पुन्हा आला. वडिलांच्या नावापुढे 'न कळविता गैरहजर' अशी नोंद झाली होती आणि एका दिवसाची मजुरी कापली गेली होती. मुलाने तक्रार केली नाही. त्याने एवढेच विचारले, ''सर, स्पेलिंगं तर सगळी बरोबर होती ना?''

त्या प्रश्नाने आमचे आम्हांलाच ओशाळल्यासारखे झाले. अर्जाची नक्कल त्याच्या वहीत होती. आम्ही ती, जणू आम्हांस काहीच माहीत नाही, अशा रीतीने वाचली. आणि मग कचेरीतील कारकुनाने काय वाचले असेल ते आमच्या ध्यानी आले. 'माझे वडील सोमवारी आजारी होते. त्यांनी मंगळवारी कचेरीस निरोप धाडला. ते फाटकापाशी आले.' शब्द तेच, क्रम तोच. पण सोमवार मागल्या वाक्यास चिकटला आणि निरोप एक दिवस उशिरा पोहोचला! त्या कारकुनास आम्ही दोष देत नाही. कागदावर जे लिहिले होते त्याचे दोन अर्थ होत होते, आणि त्यांपैकी एक त्याने घेतला.

विद्यार्थिमित्रांनो, इंग्रजी व्याकरणात या चुकीला 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात. स्वतःच्या पायांवर उभी राहू शकणारी दोन वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे, ही ती चूक. 'स्प्लाइस' हा शब्द मुळात खलाशांचा आहे. दोन दोरांची टोके उकलून, त्यांचे पीळ एकमेकांत विणून जो सांधा करतात तो स्प्लाइस. आमच्या लहानपणी काळी नदीच्या मुखापाशी होड्या दुरुस्त करणारे लोक असा सांधा करीत, तो आम्ही तासन् तास पाहत असू. चांगला सांधा होडीचा भार सहज पेलतो. स्वल्पविराम मात्र दोन पूर्ण वाक्यांचा भार पेलू शकत नाही. तो दोरांची टोके नुसती शेजारी ठेवतो. ओढ बसली, की ती सुटतात.

मग आपली मुले ही चूक इतक्या सहजपणे का करतात? आळसाने, असे आम्हीही पूर्वी म्हणत असू. आता म्हणत नाही. 'पाऊस आला, नदी भरली, रस्ता बंद झाला' हे मराठीत अगदी निर्दोष वाक्य आहे. आमची आजी कोंकणीत गोष्ट सांगू लागली, की 'मागीर, मागीर' करीत एका दमात राजाला वनात नेऊन परत आणीत असे, आणि ऐकणाऱ्याचा कोठेही गोंधळ होत नसे. कारण मराठीत काय किंवा कोंकणीत काय, क्रियापद बहुधा शेवटी येते. 'वडील आजारी होते, सोमवारी त्यांनी निरोप धाडला, मंगळवारी ते फाटकापाशी आले.' येथे 'होते' म्हणताच पहिले दार लागते. त्यानंतर आलेला सोमवार पुढच्या घरातच जाणार. त्याला मागे जाण्यास वाट उरत नाही. इंग्रजीत क्रियापद कर्त्यामागोमाग येते आणि काळ दाखविणारे शब्द वाक्याच्या आरंभीही बसू शकतात, शेवटीही बसू शकतात. म्हणून दोन वाक्यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंस स्वल्पविराम असलेला 'ऑन ट्यूजडे' हा उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा असतो. तो या घरचा की त्या घरचा, हे पूर्णविरामाने सांगावे लागते. जे काम मराठीत क्रियापद करते, ते इंग्रजीत त्या एका ठिपक्याकडे असते.

आपल्या जुन्या लिहिण्यात तर हा ठिपका नव्हताच. गायकवाडांच्या राजवटीत या वडोदऱ्यात मोडी लिपीचे कागद लिहिले जात. शब्दाशब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. लेखणीही शक्यतो उचलायची नाही. तरी ते कागद वाचले जात, कारण क्रियापद वाक्य मिटवी आणि 'बहुत काय लिहिणे' असे आले, की पत्र आटोपल्याचे कळे. मराठीत इंग्रजी वळणाची विरामचिन्हे रुजविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातील हे सहकारी. त्यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० साली निघाले. म्हणजे आपल्या लेखणीस या चिन्हांची सवय होऊन दोनशे वर्षेही झालेली नाहीत. नववीतल्या मुलाचा हात तेथे अडखळला, तर त्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांस नाही. शिकविण्याचा मात्र आहे.

तेव्हा आम्ही त्या मुलास जवळ बसविले आणि जी युक्ती सांगितली ती येथे सर्वांसाठी देतो. संशयास्पद स्वल्पविरामावर बोट ठेवावे. डावीकडचा भाग एकटा वाचावा, मग उजवीकडचा एकटा वाचावा. दोन्ही भागांत आपापला कर्ता व आपापले क्रियापद असेल, आणि दोन्ही भाग एकेकटे वाचले तरी पुरते वाटत असतील, तर तेथे नुसता स्वल्पविराम चालणार नाही. 'इट वॉज रेनिंग, द बस वॉज लेट' हे वाक्य घ्या. दोन्ही भाग स्वतंत्र आहेत. म्हणून सांधा कच्चा आहे.

तो पक्का करण्याच्या चार रीती आहेत. पहिली, मध्ये पूर्णविराम देऊन दोन वाक्ये करावीत: 'इट वॉज रेनिंग. द बस वॉज लेट.' दुसरी, दोहोंचा संबंध निकटचा असेल, तर अर्धविराम द्यावा: 'इट वॉज रेनिंग; द बस वॉज लेट.' तिसरी, स्वल्पविराम ठेवावा, पण त्याच्या मदतीस उभयान्वयी अव्यय द्यावे: 'इट वॉज रेनिंग, सो द बस वॉज लेट.' 'अँड', 'बट', 'ऑर', 'नॉर', 'सो', 'येट' आणि 'फॉर' ही सात अव्यये हे काम करू शकतात. चौथी, एका वाक्यास दुसऱ्याच्या आश्रयास न्यावे: 'बिकॉज इट वॉज रेनिंग, द बस वॉज लेट.' 'बिकॉज' लागताच पहिला भाग एकटा उभा राहू शकत नाही; तो गौण वाक्य होतो, आणि मग तोच स्वल्पविराम निर्दोष ठरतो.

या चारही रीती बरोबर आहेत; पण त्या सारख्या नाहीत, हे लक्षात ठेवावे. पूर्णविराम दोन गोष्टी सांगून थांबतो. 'सो' किंवा 'बिकॉज' म्हणणारा माणूस पावसामुळे बस उशिरा आली, असे जबाबदारीने सांगतो. म्हणून चूक दुरुस्त करताना 'मला काय म्हणावयाचे आहे?' हा प्रश्न आधी स्वतःस विचारावा लागतो.

एक सापळाही सांगून ठेवतो. 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'देन' हे शब्द उभयान्वयी अव्ययांसारखे दिसतात, परंतु दोन वाक्ये जोडण्याचे बळ त्यांच्यात नाही. 'इट वॉज रेनिंग, हाउएव्हर, द बस केम ऑन टाइम' यातील 'हाउएव्हर' आमच्या त्या मंगळवारासारखाच दोन्हींकडे पाहत उभा आहे. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. आता कोणी चतुर विद्यार्थी विचारील, की ज्यूलिअस सीझरने आपल्या विजयाची वार्ता तीन चिमुकल्या वाक्यांत कळविली, ती इंग्रजीत स्वल्पविरामांनीच जोडतात ना? होय, जोडतात. वाक्ये अगदी आखूड, एकाच घाटाची आणि अर्थाचा घोटाळा न होणारी असली, तर इंग्रजी भाषा ती सवलत देते. जुन्या इंग्रजी ग्रंथांतही श्वासागणिक दिलेले असे स्वल्पविराम पुष्कळ सापडतात. परंतु सीझरची मजुरी कापली जाणार नव्हती. ज्याच्या कागदावर घरचा पगार अवलंबून आहे, त्याने ही सवलत घेऊ नये.

असो. मुलाने अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी आम्ही स्पेलिंगकडे शेवटी पाहिले. 'माय फादर वॉज इल. ऑन मंडे ही सेंट अ मेसेज टु द ऑफिस. ऑन ट्यूजडे ही केम टु द गेट.' तीन वाक्ये, तीन ठिपके. एकही नवा शब्द घालावा लागला नाही. वडील तो कागद घेऊन स्वतः गेले. फाटकावरील नोंदवही उघडली गेली, सोमवारच्या पानावर निरोपाची ओळ सापडली, आणि तो दिवस रजेत धरण्यात आला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आनंदाने सांगावयास आला. पण त्याच्या मनात एक शंका होती. ''सर, बाबांनी तिथे सगळं गुजरातीत तोंडीच सांगितलं. ते तर दोन मिनिटांत समजलं. मग इंग्रजी अर्ज लिहायचाच कशाला?''

प्रश्न खोटा नव्हता. आम्ही त्यास म्हणालो, ''बाबा बोलत होते तेव्हा ते मध्येच थांबत होते की नाही? समोरच्या माणसाला संशय आला तर तो विचारीत होता की नाही? पहिला कागद गेला तेव्हा बाबा तिथे नव्हते. कागद एकटाच गेला. त्याला कोणी काही विचारलं असतं, तर तो काय सांगणार? बाबा जिथे थांबले असते, तिथे कागदालाही थांबता आलं पाहिजे.'' त्याने मान हलविली. पटले की नाही कोण जाणे. गुजरातीत दोन मिनिटांत झाले, हे तर खरेच होते.

तेव्हापासून आमची एक सवय बदलली आहे. कोणताही निबंध तपासताना आम्ही प्रथम शब्द पाहत नाही. वाक्ये कोठे संपतात ते पाहतो. आणि लेखकाला काय म्हणावयाचे आहे हे आपणांस आधीच ठाऊक असेल, तर ते विसरून वाचण्याचा प्रयत्न करतो. हे वाटते त्याहून अवघड आहे. 'ठीक' हा शेराही आम्ही आता जरा हात आखडूनच देतो.

परवा त्या मुलाची वही तपासावयास आली. स्पेलिंगच्या चुका होत्याच, त्या दुरुस्त केल्या. पूर्णविराम मात्र त्याने पेन असे दाबून दिले होते, की पान उलटले तर मागच्या बाजूस ते बोटाला लागावेत. वहीची शोभा त्यामुळे थोडी बिघडली होती. आम्ही त्यांवर काही शेरा मारला नाही.