शाळेंतला शिपाई

आपल्या शाळेंत शिपाई म्हटला कीं डोळ्यांपुढें येतो तो घंटा देणारा, नोटिशींची वही काखेंत मारून वर्गोवर्गीं फिरणारा, पावसाळ्यांत लहान मुलांच्या छत्र्या ओळखून ज्याच्या त्याच्या हातीं देणारा गृहस्थ. या शब्दाला पोलिसचौकींतला दुसराहि अर्थ आहे, हें आपण शाळेच्या आवारांत सहसा विसरूनच जातों.

गेल्या नाताळांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो हल्लीं अमेरिकेंत, टेक्सास राज्यांतील एका हायस्कुलांत गणित शिकवितो. फराळ करतां करतां तो म्हणाला, "सर, आमच्या शाळेंतहि एक शिपाई आहे. मात्र त्याच्या कमरेला पिस्तूल असतें." मी हंसलों, तो हंसला नाहीं.

त्या देशांत ही चाल अगदींच नवी नव्हे. मिशिगन राज्यांतील फ्लिंट शहरीं, मुलांची व पोलिसांची ओळख वाढावी या हेतूनें, 1950 नंतरच्या दशकांत असा अंमलदार शाळेंत नेमला गेला. पण 1999 च्या एप्रिलांत कोलोरॅडोंतील कोलंबाइन हायस्कुलांत तेथल्याच दोन विद्यार्थ्यांनीं बंदुका चालविल्या, आणि ओळखीची जागा भीतीनें घेतली. वास्तविक त्या शाळेंतहि पोलीस अंमलदार नेमलेला होताच! तरी त्या वर्षापासून 2005 पर्यंत मध्यवर्ती सरकारनें सुमारें 75 कोटि डॉलरांचें अनुदान देऊन साडेसहा हजारांहून अधिक पोलीस शाळाशाळांतून उभे केले.

माझ्या विद्यार्थ्याच्या राज्यांत तर याहून विदारक प्रसंग ओढवला. 24 मे 2022 रोजीं युवाल्डी गांवच्या प्राथमिक शाळेंत एका तरुणानें 19 मुलें व 2 शिक्षिका यांचा जीव घेतला. पोलीस व इतर अंमलदार मिळून 376 जण तेथें जमले. तरी त्या वर्गांत शिरावयास त्यांस 77 मिनिटें लागलीं. पुढच्याच वर्षीं टेक्सासांत कायदा झाला कीं, प्रत्येक शाळेंत एक सशस्त्र रक्षक हवा. त्यासाठीं सरकारनें दर शाळेमागें 15,000 डॉलर व दर विद्यार्थ्यामागें 10 डॉलर देऊं केले. एवढ्यांत एका माणसाचा वर्षाचा पगार भागणें कठीण. उरलेला भार शाळांच्याच तिजोरीवर. "पण सर, त्या दिवसांत मला कोणीं विचारलें असतें, तर मींहि हात वर केला असता," तो म्हणाला. ज्यांचीं मुलें रोज सकाळीं दप्तर घेऊन घराबाहेर पडतात, त्यांस हें समजावून सांगावयास नको.

दुसरीकडे मिनिआपोलिस शहरांत 2020 सालीं जॉर्ज फ्लॉइड याचा पोलिसाच्या हातून मृत्यु झाला, तेव्हां तेथील शिक्षणमंडळानें पोलीस खात्याशीं असलेला करार मोडला. डेन्व्हरनेंहि त्याच वर्षीं पोलीस काढावयाचें ठरविलें. 2023 सालीं एका विद्यार्थ्यानें शाळेंतल्या दोन अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, आणि पोलीस परत आले. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, शाळेंत पोलीस असला म्हणजे मारामाऱ्या कांहींशा कमी होतात. गोळीबार मात्र थांबत नाहीं, आणि शाळेंतून काढून टाकलेल्या व अटक झालेल्या मुलांची संख्या वाढते. त्यांत कृष्णवर्णीय मुलें अधिक. ज्या शाळांत पोलीस आहे, पण मुलांचें दुःख ऐकून घेणारा एकहि समुपदेशक नाहीं, अशा शाळांत 17 लक्ष मुलें शिकत होतीं, असें 2019 च्या एका अहवालांत नमूद आहे. पैसा कमी होता असें नव्हे. तो कोणत्या हातांत ठेवावा हें भीतीनें ठरविलें.

बाहेरच्या शत्रूसाठीं फाटकावर रक्षक असावा, यास मी नाहीं म्हणणार नाहीं. पण फाटकावरचा माणूस वर्गापर्यंत येतो कसा? 2015 सालीं साउथ कॅरोलायनांतील एका हायस्कुलांत गणिताच्या तासाला एका मुलीनें मोबाईल दूर ठेवला नाहीं. शिक्षकानें वरिष्ठांस बोलाविलें, वरिष्ठांनीं पोलिसास. आणि त्यानें त्या मुलीस बांकासकट उलथवून वर्गभर फरपटत नेलें. तें दृश्य साऱ्या जगानें पाहिलें. त्या शिक्षकाचा मला राग यावयास हवा होता. आला नाहीं, त्यास कारण आहे.

मी नोकरीस लागलों त्याच्या दुसऱ्या वर्षींची गोष्ट. गांव निराळें, शाळाहि निराळी. सहलीसाठीं जमविलेले पैसे माझ्या टेबलाच्या खणांतून नाहींसे झाले. मधल्या सुटींत एक मुलगा वर्गांत एकटाच बसलेला होता. तेथील शिपाई, ज्यांस सारे मामा म्हणत, मला हळूच म्हणाले, "सर, एकदां आपलं कपाट उपसून पाहा. पोरगं तसलं नाहीं." मुख्याध्यापक परगांवीं गेलेले, मीं मामांकडे कानाडोळा केला आणि चौकीवरून हवालदारास बोलावून आणलें.

हवालदार सज्जन होते. त्यांनीं मुलास बोटहि लावलें नाहीं, आवाजहि चढविला नाहीं. व्हरांड्यांत उभें करून चारच प्रश्न विचारले. पण प्रत्येक खिडकींत डोकीं दाटलीं होतीं. मुलगा रडला नाहीं. खालीं पाहून उत्तरें देत राहिला.

तिसऱ्या दिवशीं पैसे सांपडले. जुन्या हजेरीपटाच्या वेष्टणांत, माझ्याच कपाटांत, मींच ठेवलेले. मीं तडक त्याच्या घरीं गेलों, क्षमा मागितली. वर्गापुढेंहि मागितली, पण तेव्हां त्याची जागा रिकामी होती.

ही हकीकत मीं त्या दिवशीं माझ्या विद्यार्थ्यास सांगितली. त्यानें विचारलें, "मग तो परत आला कां, सर?"

त्याचे वडील आले. गवंडीकाम करणारा माणूस. हाताला चुना तसाच होता. दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. मी बोलूं लागलों, तों त्यांनीं मला थांबविलें. "पैसे मिळाले ना, सर? मग झालं," एवढेंच म्हणाले, आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला घेण्यासाठीं हात पुढें केला.