केस वाळेपर्यंत

केस वाळवणं हा काही निबंधाचा विषय नव्हे, असं माझ्या एका मैत्रिणीचं ठाम मत आहे. निबंध लिहावा तो पहिल्या पावसावर, आठवणीतल्या शिक्षकांवर, फार तर कँटीनमधल्या कटिंग चहावर! सूचनाफलकावर 'विषयाचे बंधन नाही' असं लिहिलेलं असलं, तरी संपादकांच्या चांगुलपणाचा असा फायदा घेऊ नये, असंही तिने मला बजावलं. मी म्हटलं, बाई गं, आपल्याकडच्या बायकांच्या आयुष्यातले किती तास या एका कामात गेले असतील, त्याचा हिशोब कुणी मांडलाय का? पावसात भिजायला माणूस वर्षातून दोन-चारदा जातो. केस मात्र आठवड्यातून दोनदा ओले होतात आणि वाळेपर्यंत आपल्याला धरून ठेवतात.

माझी आजी शुक्रवारी न्हायची. शिकेकाईने न्हाऊन झालं की केस आधी पंच्यात घट्ट बांधायचे, मग पंच्यानेच झटकायचे आणि मागच्या अंगणात उन्हाकडे पाठ करून बसायचं. पावसाळ्यात ऊन नसलं की निखाऱ्यावर ऊद टाकून त्या धुरावर केस पसरायचे. ओल्या केसांची वेणी घालायला मात्र सक्त मनाई. 'डोकं दुखेल, केसांना कुबट वास येईल,' ही तिची ठरलेली वाक्यं. आम्ही नाती ही मनाई बिनदिक्कत मोडत असू. कारण ओली वेणी घालून झोपलं की सकाळी सरळसोट केसांनाही झकास लाटा पडतात, हा शोध प्रत्येक मुलीला शाळेत असतानाच लागलेला असतो. रोलर लावून केस सेट करणं हे या ओल्या वेणीचंच शहरात वाढलेलं भावंड.

असं का होतं, ते मला विज्ञान शाखेतल्या एका मैत्रिणीने समजावलं. (आमच्या शाखेला रसायनशास्त्र नाही याचं तिला वाईट वाटतं आणि आम्हाला बरं वाटतं.) केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना धरून असतात त्या मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी. एक गंधकाचे बंध. ते चिवट, पाण्याला दाद देत नाहीत. केस कायमचे कुरळे करायला पार्लरमध्ये जे रसायन लावतात, ते या बंधांवर काम करतं. दुसरे हायड्रोजनचे बंध. ते एकेकटे दुबळे, पण संख्येने अगणित. केस भिजला की पाणी आत शिरतं आणि हे बंध सुटतात. म्हणून ओला केस मऊ होतो, ताणला जातो. पाणी निघून गेलं की बंध पुन्हा जुळतात, आणि जुळताना केस ज्या आकारात असेल तोच आकार धरतात. रोलरवर असेल तर रोलरचा, वेणीत असेल तर वेणीचा, उशीखाली दबला असेल तर उशीचा!

केसांचं आणि पाण्याचं हे नातं जुन्या लोकांनी कामालाही लावलं होतं. जिनिव्हाच्या ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ साली हवेतला दमटपणा मोजण्याच्या विद्येवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या यंत्राचा मुख्य भाग म्हणजे माणसाचा एक केस. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत हा फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा, पण काटा हलवायला तेवढा पुरतो. भाषाविज्ञानाच्या तासाला ज्या सोस्यूरचं नाव ऐकून आपण वहीत 'चिन्हक' आणि 'चिन्हित' असं लिहून घेतो, त्या फेर्दिनां द सोस्यूरचे हे पणजोबा. तेव्हा आमच्या सरांनीही हा विषय अगदीच अभ्यासक्रमाबाहेरचा मानू नये, ही नम्र विनंती.

तर मुद्दा असा, की ओल्या केसाला आकार मिळतो तो पाणी जाण्यामुळे. यंत्राची गरम हवा ते पाणी लवकर घालवते, एवढंच. आणि गंमत म्हणजे उष्णतेशिवाय केस वाळतच नाहीत! एक ग्रॅम बर्फगार पाणी उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात. तेच एक ग्रॅम पाणी साध्या हवेत उडून जायला सुमारे ५८० लागतात. यंत्र नसेल तर ही उष्णता आजूबाजूच्या हवेतून येते आणि थोडी आपल्या डोक्यातून. न्हाल्यावर पंख्याखाली बसलं की डोकं गार पडतं ते त्यामुळेच. ज्याला आपण आपोआप वाळणं म्हणतो, त्यात माणसाची थोडी ऊब खर्च होत असते.

हे सगळं मी शिकले ते माझ्या आत्यापायी.

आत्या १९७५ साली मुंबईत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. तो ट्रंक कॉलचा जमाना. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार, कानाला हेडसेट आणि समोर भिंतभर बोर्ड. १९६० च्या 'लव्ह इन शिमला'पासून मुलींच्या कपाळावर 'साधना कट' आला होता. १९६७ च्या 'अॅन इव्हनिंग इन पॅरिस'मध्ये शर्मिला टागोरच्या केसांचा डोंगर सगळ्यांनी पाहिला होता. आत्याच्या पाळीतल्या मुलींना डोंगर परवडणारा नव्हता, पण लाटा परवडत होत्या. डोक्यावर टोपलीसारखं गरम यंत्र उतरवणारी पार्लरं त्यांच्या पगारात बसत नसत. मग शनिवारी रात्री गिरगावातल्या चाळीत आत्या ओलसर केसांना भोकाभोकांचे प्लॅस्टिकचे रोलर लावायची, वरून रुमाल बांधायची आणि मानेखाली उशीची गुंडाळी घेऊन पालथी-उताणी कशीबशी झोपायची. सोमवारी लाटा घेऊन कामावर जायचं, आणि दहा मिनिटांत हेडसेटच्या पट्टीने डोक्याच्या मधोमध खड्डा पडायचा! त्या खड्ड्यावरून त्या एकमेकींना ओळखायच्या, असं ती सांगते.

२०२२ साली आत्याला कर्करोग झाला. केमोथेरपी त्या डिसेंबरात संपली. केस गेले होते, ते पुढच्या काही महिन्यांत पुन्हा उगवले. पण उगवले ते बारीक, करडे आणि चक्क कुरळे. असं पुष्कळांचं होतं म्हणे. जिने जन्मभर सरळ केसांना वळवण्यासाठी झोप घालवली, तिला देवाने न मागता कुरळे केस दिले, आणि ते तिला मुळीच आवडेनात. 'हे माझे नाहीत,' एवढंच म्हणायची. आजारपणानंतर ती एकाही समारंभाला गेली नाही. कुणी दिलेला टोप खोक्यातून बाहेर निघाला नाही.

२०२४ च्या जुलैत तिच्या जुन्या मैत्रिणींनी एकत्र जमायचं ठरवलं. आत्या आधी नाही म्हणाली. मग आठ दिवसांनी तिचा फोन आला. 'अगं, मोठे रोलर लावले तर हे बारीक वळसे मोकळे होऊन माझ्या जुन्या लाटा येतील का गं?' मोठा रोलर सरळ केसाला वळण देतो, तसा फार कुरळ्या केसाला ताणून मोकळंही करतो. तेव्हा प्रश्न बरोबर होता. पण डॉक्टरांनी तिला गरम हवेच्या यंत्रापासून सध्या लांब राहायला सांगितलं होतं. डोक्याची कातडी अजून नाजूक होती. घराजवळच्या पार्लरमधली मुलगी म्हणाली, 'आजी, पावसाळ्यात गरम केल्याशिवाय सेट बसणारच नाही.' आत्या काही न बोलता घरी आली. मी म्हटलं, बघूया तरी.

त्या मुलीची भीती अगदीच चुकीची नव्हती. जुलैत मुंबईच्या हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या पुढे असतो. हवाच पाण्याने भरलेली, ती केसांतलं पाणी घेणार कुठे? खिडकी उघडली तर बाहेरचा ओलावा आत. बंद केली तर केसांतलं पाणी खोलीतच घुटमळणार. शेवटी माझ्या त्याच विज्ञानवाल्या मैत्रिणीने तोड सुचवली. आत्याच्या खोलीतलं एसी 'ड्राय'वर लावायचं. ते हवेतला ओलावा काढून घेतं. जोडीला टेबलफॅन, तोही लांब, आणि आत्याच्या अंगावर शाल.

सकाळी नऊला सुरुवात केली. कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता. आदल्या रात्री दोन चमचे जवस दोन पेले पाण्यात उकळून अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झाल्यावर गरम असतानाच फडक्यातून गाळून ठेवलं होतं. गार झालं की ते गाळता येत नाही. सेट धरून ठेवायला हे पुरतं. मात्र हात आखडूनच लावायचं, नाहीतर केस वाळायला वेळ लागतो आणि वर कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. न्हाल्यावर केस जुन्या मऊ पंच्याने नुसते टिपले, चोळले नाहीत. मग तसंच अर्धा-पाऊण तास बसवलं. निथळणाऱ्या केसांवर रोलर लावला तर दिवस पुरत नाही, आणि फार वाळलेल्या केसांवर लावला तर वळण धरत नाही. हाताला दमट लागेल एवढंच पाणी हवं. रोलरच्या रुंदीपेक्षा जास्त रुंद बट घ्यायची नाही. ती मुळापासून विंचरून, सगळीकडे सारखी ताणून गुंडाळायची. रोलर जाळीचे, म्हणजे वारा आतूनही फिरतो. असे बारा बसले.

मग काम उरलं नाही. नुसतं बसायचं होतं.

'कंटाळशील आत्या,' मी म्हटलं.

'अगं, केमोच्या खुर्चीत पाच-पाच तास बसायची सवय आहे मला. इथे निदान चहा तरी मिळतोय.'

आजारपणाबद्दल ती आपण होऊन बोलली ती त्या दिवशी पहिल्यांदा. लहानपणी चाळीत गुंतवळ गोळा करणाऱ्या बायका यायच्या, गुंतवळीच्या बदल्यात सुया-पिना द्यायच्या. तिची आई फणीतले केस बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत साठवून ठेवायची. 'केस गळायला लागले ना, तेव्हा एके सकाळी उशीवरून जमा केले तर ओंजळभर झाले. मला पहिली आठवण कसली झाली असेल? म्हटलं, आई असती तर म्हणाली असती, एवढ्यात तर एक पातेलं आलं असतं!' ती हसली. मग बराच वेळ आम्ही दोघी पंख्याचा आवाज ऐकत बसलो.

साडेबाराला मी मानेजवळचा एक रोलर सोडून पाहिला. तिथले केस दाट, वारा कमी. तो भाग सगळ्यात शेवटी वाळतो. वरचे पदर कोरडे होते. आत बोट घातलं तर गार लागलं. गार लागलं म्हणजे ओलं आहे असं समजायचं. पाणी अजून उडतंय. बाहेरून वाळलेला दिसतो म्हणून तेव्हाच रोलर काढला, तर आतला ओलावा तासाभरात सगळं वळण सैल करून टाकतो.

'काय म्हणतंय?' आत्याने विचारलं.

'वरून वाळलंय, आतून ओलं आहे.'

'माझंही तसंच आहे बघ,' ती म्हणाली. 'सगळे म्हणतात, आता छान दिसतेस, चल इकडे, चल तिकडे. वरून वाळलेय गं मी.'

यावर काय बोलायचं असतं ते मला कुठल्याही पेपराला आलेलं नाही. मी ती बट पुन्हा गुंडाळली आणि आकडा लावला.

चार वाजता सगळे रोलर कोरडे आणि हाताला कोमट लागले. खालून वर असे एकेक काढले. लगेच फणी फिरवली नाही; दहा-पंधरा मिनिटं केस तसेच राहू दिले, मग बोटांनी मोकळे केले. मोठ्या, सैल लाटा होत्या. करड्या होत्या, पूर्वीच्या निम्म्याही दाट नव्हत्या, पण लाटा होत्या. आत्याने आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि कपाटातून हिरवी साडी काढायला गेली.

मी तिला सभागृहाच्या दारापर्यंत सोडायला गेले. आतून एक ठेंगण्या बाई आल्या, त्यांनी आत्याच्या डोक्यावरून मधोमध हात फिरवला आणि म्हणाल्या, 'खड्डा कुठे गेला गं तुझा?' दोघी तिथेच, दारात, हसत आणि डोळे पुसत उभ्या राहिल्या. मी परत फिरले.

रात्री परतताना पाऊस लागला आणि निम्म्या लाटा गेल्या. पाण्याने दिलेलं पाणीच परत नेतं. त्यात नवल नाही. हेच गरम यंत्राने केलं असतं तर पाऊण तासात उरकलं असतं, आणि त्या पाऊण तासात यंत्राच्या घरघरीपुढे आम्हा दोघींना एकमेकींचं काही ऐकू आलं नसतं. आपल्याला हल्ली सगळं लवकर वाळायला हवं असतं: केस, रंग, शाई, दुःख. काही गोष्टींना मात्र आतपर्यंत वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, आणि तो वेळ बसून काढायला कुणी जवळ असलं तर बरं वाटतं.

आता आत्याचे केस खांद्याला लागलेत. रोलर सोळा लागतात आणि वेळ दीड तास जास्त जातो. महिन्यातला एक रविवार मी त्यासाठी मोकळा ठेवते.