तुंबलेले पाणी

रांधणाऱ्या हातांचे कौतुक करण्याची रीत आपल्याकडे आहे. पंगत उठल्यावर खरकटी भांडी घेऊन मोरीवर बसणाऱ्या हातांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भंडारा जिल्हा हा धानाचा मुलूख. चुलीतली राख आणि मूठभर तणस एवढ्या सामग्रीवर इथल्या मायमाऊल्यांनी पितळी गुंड आणि गंज पिढ्यानपिढ्या सोन्यासारखे झळकवले. त्यात त्यांच्या कंबरा वाकल्या, बोटांना भेगा पडल्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

म्हणूनच भांडी धुणारे यंत्र ही आम्हांस नेहमी आनंदाची वार्ता वाटत आली आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल गावी राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनी २८ डिसेंबर १८८६ रोजी अशा यंत्राचे पेटंट मिळवले. पती कर्ज मागे ठेवून निवर्तले होते; बाईंनी हिंमत धरली आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात आपले यंत्र मांडले. प्रथम ते हॉटेलांनी घेतले, घरांत पोहोचायला अनेक दशके लागली. आपल्याकडे तर २०२० च्या टाळेबंदीत, मोलकरणींचे येणे थांबले, तेव्हा कुठे शहरांतून त्याची मागणी वाढली.

पवनी तालुक्यातील कोंढा गावी आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. आजींची बोटे संधिवाताने आखडलेली, सूनबाई दिवसभर नोकरीवर. पुण्यातील नातवाने पहिल्या पगारांतून शिल्लक टाकून आजीसाठी असे यंत्र पाठवले. काही महिने ते नीट चालले. मग तळाशी पाणी साचू लागले आणि दुर्गंधी सुटली. कारागीर नागपूरहून यायचा, तो आज-उद्या करीत राहिला. घरात दोन तट पडले. आपली राखच बरी होती, असे आजोबांचे मत. त्या मताचा अर्थ सूनबाईंना पुरेपूर ठाऊक होता: रात्री दहा वाजता पुन्हा मोरी.

सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवले, तशी भांडी घासण्याची पाळीही नेमून दिली होती. त्या दुसऱ्या विद्येच्या बळावर आम्ही बाह्या सरसावल्या. प्रथम विजेची पिन काढली, नळ बंद केला, साचलेले पाणी वाटीने व स्पंजाने उपसले. खालचा जाळीचा कप्पा बाहेर घेतला की तळाशी गोल गाळणी दिसते. ती फिरवून उचलता येते. तीत भाताची शिते, लिंबाच्या बिया आणि बरणीवरचा भिजलेला कागद अडकला होता. कोमट पाण्याने व मऊ ब्रशने ती धुतली. तिच्याखालच्या खळग्यात पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप असतो. त्याच्या पात्यांत काचेचा तुकडा अडकला तरी तो थांबतो. तेथे काही नव्हते. तरीही पाणी हलेना.

मग निचऱ्याची नळी सिंकखालच्या जोडापासून सोडवून तिचे टोक बादलीत धरले, पिन लावून यंत्र चालू केले. पाणी जोराने बादलीत आले! यंत्र निर्दोष होते. शोध घराबाहेर नेला, तेव्हा उलगडा झाला. गरम पाण्यात वितळलेले तेलतूप बाहेरच्या पाइपात थंड होऊन थराथराने बसले होते आणि पाइपाचे तोंड अंगणाशेजारच्या नालीत गाळाखाली बुडाले होते. आजी ओट्यावरून म्हणाल्या, “मशीन तरी का करन जी फादर? पाण्याले जायले वाटच नाही.”

आजींचे हे वाक्य आम्हांस फार मोलाचे वाटते. आपण आतली भांडी चकचकीत करतो आणि सांडपाणी मात्र दाराबाहेर ढकलून मोकळे होतो. भंडारा जिल्ह्यात त्याची किंमत पायांनी मोजावी लागते. हत्तीरोग येथे जुना आहे. त्याचे जंतू पसरविणारा क्युलेक डास अशाच साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. २००४ पासून देशात सामुदायिक औषधोपचाराची मोहीम चालू झाली. गोळ्या जरूर घ्याव्यात, परंतु डासांचे पाळणेही मोडले पाहिजेत. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून हे साधले. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, मध्ये वरच्या बाजूस भोके असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि खडी. गाळ टाकीत बसतो, पाणी जमिनीत मुरते. विहिरीपासून मात्र तो दूर हवा.

कोंढ्याच्या त्या घरी पाइप साफ झाला आणि शोषखड्डाही झाला. खणायला आजोबा आणि शेजारचा तरुण होता. त्याच्याच अंगणात ही नाली तुंबत असे, हे तोवर कोणी त्याला विचारले नव्हते.

ख्रिस्तसभेला या गोष्टीची जाण जुनी आहे. जुन्या चर्चच्या साक्रिस्तीत साक्रारियम नावाचे एक खास कुंड असते. वेदीवरील पवित्र वस्त्रे प्रथम धुतलेले पाणी त्यात ओततात. त्याची नळी गटाराला जोडलेली नसते, थेट मातीत जाते. पाणी कोठे जाते, हाही भक्तीचाच भाग मानला आहे. आणि प्याला केवळ बाहेरून घासणाऱ्यांना प्रभूने काय सुनावले, ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात आपण वाचतोच.

शेजाऱ्याच्या दारात चिखल होऊन उभी राहते ती स्वच्छता नव्हे. येत्या उपवासकाळात मांसाहार वर्ज्य करताना घरातल्या पुरुषांनी आपले ताट आपण धुवावे, आणि धुतल्यावर दोन पावले बाहेर जाऊन ते पाणी कोठे थांबते, तेही पाहून यावे.