ब्लॅकबर्नचा शनिवार

भारतातून आईवडील, काका-मामा किंवा मित्रमंडळी आली की त्यांना हिंडवण्याचा आपला एक ठरलेला मार्ग असतो. लंडन, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, मग स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं घर, लेक डिस्ट्रिक्ट आणि वेळ उरलाच तर एडिंबरा. फुटबॉलवेडी भाचेमंडळी ओल्ड ट्रॅफर्डसमोर फोटो काढून घेतात. पण तिथून उत्तरेला जेमतेम पंचवीस मैलांवर असलेल्या ब्लॅकबर्नला कुणी पाहुण्यांना नेल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. "तिथे आहे काय एवढं?" हा प्रश्न मला आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. फराळाची बशी हातात धरून त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मी मूळचा पुण्याचा. २००३ साली मँचेस्टरला एम.एस्सी. करायला आलो, पुढे लँकेशरमधल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि घर ब्लॅकबर्नला घेतलं. कारण अगदी मध्यमवर्गीय: तिथे घरं स्वस्त होती! गाव सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं, टेकड्यांच्या कुशीत वसलेलं. पाऊस आपल्या श्रावणासारखा, फक्त बारा महिने. रस्त्यांची कीर्ती तर जगभर पोहोचलेली आहे. १९६७ साली ब्लॅकबर्नच्या रस्त्यांवर चार हजार खड्डे असल्याची बातमी पेपरात आली, ती जॉन लेननने वाचली आणि बीटल्सच्या 'अ डे इन द लाइफ' या गाण्यात ते खड्डे अजरामर झाले. इथल्या फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांनी आपल्या नियतकालिकाचं नावच 'फोर थाउजंड होल्स' ठेवलं. स्वतःच्या गावच्या खड्ड्यांचा असा अभिमान बाळगणारी माणसं पुणेकराला परकी कशी वाटणार?

आपलं आणि या गावाचं नातं खरं तर बरंच जुनं आहे. ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं गाव. एके काळी इथल्या मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं विणली जात. आपल्या पणजोबांच्या कमरेचं धोतर कदाचित याच गावात विणलेलं असेल! स्वदेशीच्या चळवळीचा आणि मंदीचा फटका या भागाला बसला, तेव्हा १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी शेजारच्या डार्वेनला येऊन गिरणी कामगारांना भेटले. त्या बायांनी त्यांच्याभोवती गर्दी करून हसत काढून घेतलेला फोटो आपण सर्वांनी पाहिलेला असतो. पुढे साठच्या दशकात गुजरातमधून आणि पाकिस्तानातून आलेली माणसं याच गिरण्यांत रात्रपाळी करू लागली. मग गिरण्याच बंद पडल्या. लालबाग-परळ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही गोष्ट पुढे सांगायला नको. धुराडी पडतात, भोंगा थांबतो. पण चाळीतली कबड्डीची मंडळं आणि गणेशोत्सव मागे राहतात. ब्लॅकबर्नमध्ये मागे राहिला तो फुटबॉल क्लब.

हा खेळ इथे रुजला तोही गिरण्यांमुळेच. १८५०च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद करणं भाग पडलं. आठवडाभर मागाशी झुंजलेल्या माणसाला अर्धा दिवस मोकळा मिळाला. दोनला गिरणी सुटायची, घरी जाऊन चार घास खायचे आणि तीनला मैदानावर. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सामने सुरू होतात त्याचं मूळ इथे आहे.

त्या काळी एफ. ए. कप म्हणजे ईटनसारख्या बड्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची मिरासदारी होती. १८८३ साली 'ब्लॅकबर्न ऑलिंपिक' नावाचा संघ अंतिम सामन्यासाठी लंडनच्या ओव्हल मैदानावर उतरला. त्यात विणकर होते, सूत कातणारा होता, लोखंडाच्या कारखान्यातला कामगार होता, एक प्लंबरही होता. त्यांनी ओल्ड इटोनियन्सना २-१ असं हरवलं आणि चषक उत्तरेकडे आणला. 'लगान' सिनेमा आपल्याला आवडतो ना? हा खराखुरा लगान! ऑलिंपिक पुढे बंद पडला, पण गावातला दुसरा संघ, १८७५ साली स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स, टिकला. १८८८ साली जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी सहा एकट्या लँकेशरचे होते आणि रोव्हर्स त्यांतला एक. त्यांचं ब्रीदवाक्य लॅटिन आहे. अर्थ: कौशल्याने आणि कष्टाने.

या क्लबच्या आयुष्यात आधुनिक काळातलं सोन्याचं पान आलं ते जॅक वॉकर यांच्यामुळे. गावचाच मुलगा, वडिलांच्या पत्र्याच्या धंद्याचा भावाबरोबर मोठा पोलाद व्यवसाय केला आणि तो ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकला. १९९१ साली त्यांनी रोव्हर्सचा ताबा घेतला. केनी डॅल्ग्लिश मॅनेजर म्हणून आले, ॲलन शिअरर आला आणि १४ मे १९९५ रोजी रोव्हर्स प्रीमियर लीगचे विजेते झाले. गंमत अशी की त्या दिवशी लिव्हरपूलला ते सामना हरले होते! पण तिकडे मँचेस्टर युनायटेडची वेस्ट हॅमशी बरोबरी झाली आणि एका गुणाने विजेतेपद या गिरणगावाला मिळालं. वॉकर २००० साली गेले. त्यांचा पुतळा मैदानाबाहेर उभा आहे आणि त्याच्या पायाशी आजही कुणीतरी फुलं ठेवून जातं.

आता येते ती गोष्ट, जिच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. नोव्हेंबर २०१०. रात्री पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, तुझ्या गावचा क्लब आपल्या वेंकीजनी घेतला!" सिंहगड रस्त्यावरची ही मंडळी, आपल्या पुण्यातल्या घराघरात अंड्या-कोंबड्यांमुळे ठाऊक असलेलं नाव. वॉकर कुटुंबाच्या ट्रस्टकडून त्यांनी २ कोटी ३० लाख पौंडांना रोव्हर्स विकत घेतला. प्रीमियर लीगमधला क्लब घेणारी ही पहिली भारतीय कंपनी. खोटं कशाला सांगू, छाती दीड इंच फुगली. ज्यांच्या धोतरांनी आपले माग बंद पाडले, त्यांच्या गावचा क्लब पुण्याने घेतला!

पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. महिन्याभरातच अनुभवी मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढण्यात आलं. निकाल बिघडत गेले, मैदानाबाहेर निदर्शनं सुरू झाली. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी क्लबच्या रंगांत सजवलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्याच रात्री रोव्हर्स प्रीमियर लीगमधून खाली गेले. पुढच्या मोसमात एक मॅनेजर ५७ दिवस टिकला, त्याच्यानंतरचा ६७ दिवस. २०१७ साली क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या संघावर अशी पाळी पहिल्यांदाच आली होती. वर्षभरात ते पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढले हीच काय ती कृपा.

न्याय दोन्ही बाजूंना द्यायला हवा. मालकांनी वर्षानुवर्षं कोट्यवधी पौंड या क्लबात घातले आहेत. तोट्यातला क्लब बंद पडू दिला नाही. पुढे तर भारतातून पैसे पाठवायला काही काळ दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, तेव्हा इथले म्हातारे विणकर कोर्टाच्या तारखा पाठ सांगू लागले! पण गावाची तक्रार मुळात पैशांची नव्हतीच. ती होती न दिसण्याची. वॉकर शनिवारी मैदानात दिसायचे. हे मालक पाच हजार मैलांवर.

त्या दिवसांत रिव्हरसाइड स्टँडमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक निवृत्त विणकर बसत. चार पिढ्यांचे रोव्हर्सवाले. मैदानात मालकांविरुद्ध घोषणा चालू असताना मी त्या शहराचं नाव चुकूनही काढत नसे. एकदा त्यांनी सरळच विचारलं, "तू त्यांच्याच गावचा ना?" मी मान डोलावली. त्यांनी आपल्या पायचे (खायच्या, चालायच्या नव्हे) दोन तुकडे केले, एक माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "मग तुला आमच्याहून दुप्पट त्रास होत असणार. घे!" वीस वर्षं या देशात राहून, पासपोर्ट घेऊन, कर भरून मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते त्या बटाट्याच्या अर्ध्या तुकड्याने सांगितलं.

ईवुड पार्क हे १८९०पासूनचं घर. मैदानाच्या एका अंगाने डार्वेन नदी वाहते. क्षमता ३१ हजार, म्हणजे गावातला प्रत्येक चौथा माणूस आत मावेल. हल्ली ते क्वचितच भरतं, पण येणारे येतातच. अर्धा निळा, अर्धा पांढरा शर्ट; आजोबा, मुलगी, नातू अशी रांग; गरम पाय आणि चहा. (शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. लँकेशरचा बटाटा-कांद्याचा 'बटर पाय' आपल्या जिभेला चालण्यासारखा असतो; फक्त पर्समध्ये थोडी चटणी असावी.) शेरेबाजी म्हणाल तर पुण्याच्या पेठेतली माणसंही खाली मान घालतील. वैर अकरा मैलांवरच्या बर्नलीशी. कित्येकदा पाहुण्या पाठीराख्यांना पोलिसांच्या देखरेखीखाली बसमधूनच आणावं लागलं आहे. आणि २ मे २०२२ रोजी याच हिरवळीवर ईदची नमाज झाली. ब्रिटनमधल्या फुटबॉल मैदानावरची ती पहिली. ज्या गिरणी कामगारांच्या मुलांना एके काळी स्टँडमध्ये यायला धास्ती वाटायची, त्यांच्या नातवंडांनी त्या दिवशी खेळपट्टीवर सतरंज्या अंथरल्या.

क्लब मेला तर काय होतं, तेही इथून जवळच बघायला मिळतं. पाच मैलांवरच्या ॲक्रिंग्टन स्टॅन्लीने १९६२ साली कर्जापायी मोसमाच्या मध्यावर लीग सोडली. परतायला २००६ साल उजाडलं. दोनदा एफ. ए. कप जिंकलेला बरी क्लब २०१८ साली एका पौंडाला विकला गेला आणि पुढच्याच वर्षी लीगमधून हाकलला गेला. गिग लेन या त्यांच्या मैदानावर गावचा संघ पुन्हा खेळायला २०२३ उजाडलं, तेही पाठीराख्यांनी आपसांतली भांडणं मिटवली म्हणून. अशा अनुभवांमुळेच जुलै २०२५मध्ये इथे फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. स्वतंत्र नियामक नेमण्यात आला. मैदान विकणं किंवा बोधचिन्ह बदलणं आता मालकाच्या एकट्याच्या मर्जीवर राहिलेलं नाही. पाठीराख्यांचं म्हणणं ऐकावं लागतं.

आपल्याकडे ग्रामदैवताच्या देवळाला विश्वस्त असतात. कागद त्यांच्या नावावर, किल्ल्या त्यांच्याकडे. पण म्हणून देव विश्वस्तांचा होत नाही, तो गावाचाच राहतो. ब्लॅकबर्नची माणसं गेली कित्येक वर्षं पुण्यातल्या मालकांना हेच सांगत आहेत. फक्त त्यांना 'विश्वस्त' हा शब्द ठाऊक नाही, आणि मला तो ठाऊक असून सांगण्याचा अधिकार नाही. त्यांच्याबरोबर पावसात बसणं तेवढं माझ्या हातात आहे.

माझी बारा वर्षांची लेक याच गावात जन्मली. तिच्या वर्गातल्या बऱ्याच भारतीय मुलांकडे मँचेस्टर नाहीतर लिव्हरपूलचे शर्ट आहेत. साहजिक आहे, जिंकणारा संघ कुणाला नको? मे २०२५मध्ये रोव्हर्सने आपला महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला तेव्हा ती दोन दिवस गप्प होती. "बाबा, आपण दुसरा क्लब घेऊ या का?" असं ती म्हणेल या तयारीत मी होतो. ती म्हणाली, "आपण पत्र लिहू या. पुण्याला. मराठीत." पत्र गेलं. शुद्धलेखन मी तपासलं, मजकुराला हात लावला नाही. उत्तर आलेलं नाही, पण तिने आयुष्यात स्वतःहून लिहिलेलं ते पहिलं मराठी पत्र. रविवारच्या मराठी शाळेला जे तीन वर्षांत साधलं नाही, ते एका हरणाऱ्या क्लबाने साधलं!

तेव्हा मंडळी, तुम्ही रॉचडेलला राहा, वॉल्सॉलला राहा नाहीतर स्विंडनला. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असाच एखादा शंभर वर्षांचा क्लब नक्की असेल. मुलांना एकदा तिथे घेऊन जा. टीव्हीवरचा संघ आपल्याला ओळखत नाही. गावचा संघ दोन-तीन शनिवारांत ओळखू लागतो. आणि ब्लॅकबर्नला यायचं असेल तर मँचेस्टर व्हिक्टोरियाहून गाडी आहे. ब्लॅकबर्नला उतरून प्रेस्टनच्या गाडीने पुढचंच स्टेशन मिल हिल. तिथून वीसेक मिनिटं चालत. वाटेत चहाला आमच्या घरी थांबा. छत्री मात्र आणा. आणि रस्त्यातल्या खड्ड्यांकडे लक्ष ठेवा.