कमानीवरचें नांव

वाट चुकण्याचा मला लहानपणापासून सराव आहे. त्यामुळें अमेरिकेंत टेक्सास राज्यांतील सॅन अँटोनिओ शहरीं प्राणिसंग्रहालय पाहून परततांना मी भलत्याच रस्त्याला लागलों, याचें मला फारसें नवल वाटलें नाहीं. नवल वाटलें तें समोर आलेल्या कमानीचें. झाडांचे ओबडधोबड बुंधे जोडून ती उभारली असावी असें दिसलें. हात लावून पाहतों तों सारें सिमेंट! वर अक्षरें होतीं, ‘चिनी चहाबाग’. खिशांतला नकाशा मात्र तिला जपानी चहाबाग म्हणत होता. या गोऱ्या लोकांना चीन काय आणि जपान काय, सारखेंच, असें मनांत म्हणून मी हंसलों आणि आंत शिरलों.

आंत गेल्यावर हंसणें विसरलों. ही पूर्वीची चुनखडीच्या दगडाची खाण. काम थांबल्यावर मागें उरला नुसता खड्डा. १९१७ सालीं शहराचे उद्यानप्रमुख रे लॅम्बर्ट यांनीं त्या खड्ड्याचीच बाग करण्याचें मनांत आणलें आणि कैद्यांच्या हातून तेथलाच दगड रचून घेतला. त्या दगडाच्या वळणदार पायवाटा, तळ्यांवरून गेलेले कमानदार पूल आणि ताडपत्रांनीं शाकारलेला दगडी खांबांचा मंडप पाहतांना, जमिनीची जखम अशीही भरून येते, असें वाटून मन प्रसन्न झालें.

पण बागेचा पुढचा इतिहास कळला आणि ती प्रसन्नता टिकली नाहीं. १९२६ सालीं शहराच्या विनंतीवरून किमी एइझो जिंगू हे जपानी चित्रकार येथें सहकुटुंब राहावयास आले. बाग जोपासावी, आल्यागेल्यास चहा-फराळ द्यावा, असा त्यांचा संसार. त्यांच्या पश्चात् पत्नीनें व मुलांनीं तो चालविला. पुढें जपानशीं युद्ध जुंपलें आणि १९४२ सालीं त्या कुटुंबाला तेथून घालवून देण्यांत आलें. बाग मात्र हवी होती. म्हणून तिचें नांव बदललें. चीन तेव्हां मित्रपक्षांत होता! ती कमान डिओनिसिओ रोद्रिगेझ या मेक्सिकन कारागिरानें त्याच नव्या नांवासाठीं घडविलेली.

म्हणजे ज्याला मी अडाण्यांची चूक समजलों, तें शहाण्यांनीं समजून उमजून केलेलें काम होतें. आणि मी तरी काय केलें होतें? कमानीखालीं उभें राहून एका क्षणांत साऱ्या गोऱ्या समाजावर माझी पाटी ठोकून मोकळा झालों होतों.

१९८४ सालीं शहरानें बागेला जुनें नांव परत दिलें. त्या समारंभास जिंगू यांचीं मुलें आलीं होतीं. नांव परत देतां येतें; बेचाळीस वर्षें कोण परत देणार?

कमानीवरचीं अक्षरें मात्र अजून तशींच आहेत. तीं काढून कां टाकीत नाहींत, म्हणून प्रथम मला राग आला. मग वाटलें, असूं द्यावींत. खऱ्या शब्दाला आपण काळ्या दगडावरची रेघ म्हणतों. एखादें खोटेंही तसेंच टिकावें. तीं अक्षरें नसतीं, तर मीही दगडी कामाची तारीफ करून स्वस्थ मनानें घरीं गेलों असतों.

बाहेर पडतांना पुन्हां त्याच कमानीखालून यावें लागलें. या वेळीं मी नांव वाचण्यासाठीं मान वर केली नाहीं.