वर्गात मांडलेला डाव

ग्वाल्हेरला खेळाचं विद्यापीठ आहे, असं मी मुंबईतल्या मित्रांना सांगितलं की ते आधी हसतात. पण ते खरंच आहे. १८५७ च्या उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५७ मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने इथे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू झालं. १९९५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशभरातले क्रीडाशिक्षक तिथून शिकून जातात. त्यांच्या आवारात धावणं, पोहणं, कबड्डी हाच अभ्यास असतो. बाकीच्या शहरात मात्र ‘अभ्यास सोडून खेळत बसलाय’ हे वाक्य अजून जसंच्या तसं चालतं, आणि माझी नोकरी त्या बाकीच्या शहरात आहे.

मी आपल्या मंडळाचा जुना सभासद. भित्तिपत्रकाला खळ लावण्यापासून एकांकिकेच्या नेपथ्यापर्यंत सगळी हमाली केलेला. आमचं घर लष्करातलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली म्हणून या भागाचं नाव लष्कर; त्या फौजेमागून कारकून, भिक्षुक, गवई असे जे मराठी लोक आले त्यांतलेच आम्ही. शिक्षण संपवून घरी परतलो आणि आता एका कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्या पदाला मध्य प्रदेशात मोठं सुंदर नाव आहे, ‘अतिथी विद्वान’. यातला ‘विद्वान’ कौतुकाचा आणि ‘अतिथी’ खरा. पुढच्या जुलैत आपण इथे असू की नाही, हे पाहुण्याला कोणी सांगत नाही.

माझ्या वर्गात भिंड, मुरैना, डबरा, मोरार इथली मुलं-मुली येतात. पटावर सत्तर, हजर पंचवीस. हुशार आहेत, पण बोलत नाहीत. बोलली तर एकच प्रश्न : ‘सर, परीक्षा में आएगा क्या?’ येणार म्हटलं की लिहून घेतात, नाही म्हटलं की पेन खाली. यात त्यांना दोष देता येत नाही. इतिहास म्हणजे आधीच झालेली आणि कोणीतरी आधीच उत्तर लिहून ठेवलेली गोष्ट, असंच त्यांना शाळेपासून शिकवलेलं आहे.

आणि आमच्याकडे एक प्रकरण असं आहे की त्याची दोन तयार उत्तरं गावभर फिरत असतात. १८५८ च्या मे महिन्यात काल्पी हातची गेल्यावर राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरकडे वळले. १ जूनला मोरारजवळ जयाजीराव शिंदे त्यांच्यावर चालून गेले. पण त्यांचीच बरीचशी फौज तिकडे जाऊन मिळाली आणि महाराजांना आग्र्याला पळावं लागलं. तीनच आठवड्यांत इंग्रजांनी शहर परत घेतलं, आणि त्या लढाईत राणी पडल्या. त्यांची समाधी फूलबागेत आहे. जयाजीरावांनी १८७४ मध्ये बांधलेला जयविलास पॅलेसही त्याच शहरात, तिथून फार लांब नाही. सुभद्राकुमारी चौहानांची राणीवरची कविता हिंदी मुलखातल्या प्रत्येक पोराला पाठ असते, आणि शिंद्यांबद्दल ती काय म्हणते हेही. म्हणून अर्धा वर्ग म्हणतो, गद्दारी. उरलेला अर्धा म्हणतो, महाराजांनी शाळा काढल्या, रेल्वे आणली, गप्प बसा. आमच्या लष्करातल्या मराठी घरांत तर हा विषय निघालाच की आजी म्हणते, ‘जाऊ दे रे, चहा घे.’

तीन वर्षांपूर्वी मी हा धडा फळ्यावर न शिकवता डाव म्हणून मांडला.

डाव असा. तारीख ३१ मे १८५८. वर्गातल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी. कोणी जयाजीराव, वय तेवीस-चोवीस, म्हणजे खेळणाऱ्या मुलांपेक्षा थोडंच जास्त. कोणी दिवाण दिनकरराव राजवाडे. कोणी वृद्ध बायजाबाई, कोणी सराफ्यातला सावकार, कोणी तात्यांचा माणूस. आणि बारा जण शिपाई. चिठ्ठीवर त्या माणसाला त्या दिवशी जेवढं माहीत असू शकतं तेवढंच लिहिलेलं. शिपायांना प्रत्येकी एक कवडी. चर्चा संपली की ती झाकलेल्या दोन डब्यांपैकी एकात टाकायची, महाराजांच्या किंवा तात्यांच्या. नियम एकच, पण कडक : उद्या काय झालं ते कोणालाही माहीत नाही. ‘इंग्रज तर शेवटी जिंकलेच ना’ असं कोणी म्हणालं की तो एक फेरी बाद.

या एका नियमाने वर्ग बदलला. ‘गद्दार’ हा शब्द वापरायला जागाच राहिली नाही, कारण गद्दारी कोणाशी झाली हे नंतर ठरतं आणि ‘नंतर’ला मनाई होती. महाराज झालेला मुलगा डबऱ्याचा, घरी ऊसशेती. एरवी ‘शिंद्यांचा काय संबंध’ म्हणणारा. तो दिवाणांना विचारायला लागला, ‘मी तात्यांकडे गेलो आणि इंग्रज परत आले तर माझं राज्य कोण वाचवणार? नाही गेलो तर माझी फौज उद्या माझ्यामागे येईल का?’ दिवाण म्हणाले, थांबा, मोर्चे बांधा, इंग्रज येईपर्यंत लढाई टाळा. दिनकररावांचा सल्ला साधारण असाच होता, हे त्या मुलीने वाचलेलं नव्हतं. दिवाणाच्या जागी बसल्यावर तिला तो सुचला.

आणि मोरारची एक मुलगी. वडील फौजेत. दोन वर्षांत हजेरीशिवाय तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती शिपाई होती. मोरार छावणीतल्या कंटिन्जंटने आदल्या वर्षी जूनमध्येच उठाव केला होता आणि ती पलटण तात्यांबरोबर कानपूरला लढली होती, एवढं तिच्या चिठ्ठीवर होतं. ती उभी राहिली आणि महाराजांना म्हणाली, ‘हुज़ूर, सामने जो खड़े हैं, वो हमारे ही साथ के लोग हैं. आप तो हुकुम देंगे, गोली तो हमको चलानी है.’ वर्ग एकदम शांत झाला. महाराजांनी चिठ्ठीकडे पाहिलं. तिथे याचं उत्तर नव्हतं. डबे उघडले तेव्हा बारापैकी नऊ कवड्या तात्यांच्या निघाल्या.

दुसऱ्या वर्षीच्या वर्गात मात्र आठ कवड्या महाराजांच्या डब्यात पडल्या. त्या वर्षीचे दिवाण बोलायला पक्के होते. मुलं म्हणाली, म्हणजे सर, आपण चुकीचं खेळलो? इथून खरा तास सुरू झाला. प्रत्यक्षात फौज का फुटली? आपल्या डावात काय नव्हतं? तात्यांनी आधीपासून फौजेत जे संधान बांधलं होतं ते नव्हतं, शेजारच्या पलटणीचा दबाव नव्हता, राणीचं नुसतं नाव ऐकून काय वाटत असेल तेही नव्हतं. हे प्रश्न मी विचारले असते तर मुलांनी उत्तर लिहून द्या म्हटलं असतं. आता ती पुस्तक मागत होती. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ आपल्याला माहीत असतं. बायजाबाईंच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने वरसईहून निघालेला गरीब भिक्षुक थेट उठावात सापडला, आणि त्याची हकिगत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापली. अमृतलाल नागरांनी त्याचा ‘आँखों देखा ग़दर’ हा हिंदी अनुवाद केला आहे. त्या वर्षी पुस्तकासाठी नंबर लावावे लागले.

टीका झालीच. एक ज्येष्ठ सहकारी दारातून डोकावून म्हणाले, ‘सिलॅबस कब पूरा होगा? यह बालवाड़ी नहीं है.’ माझ्यासारख्या पाहुण्याला असं वाक्य हसण्यावारी नेता येत नाही. पुढच्या वर्षीचं पत्र कोणाच्या शब्दावर निघतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मी त्यांना उत्तर दिलं नाही, पण रात्री स्वतःला दिलं. बालवाडीत खेळातून शिकवावं हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याला पटवलं. मग अठराव्या वर्षानंतर असं काय होतं की माणूस खेळातून शिकायचा थांबतो? वकिलीच्या कॉलेजात खोटं कोर्ट भरवून खटला लढवतात, तो खेळ नाही तर काय? तो तर त्यांच्या अभ्यासक्रमातच सक्तीचा आहे. एकोणिसाव्या शतकात प्रशियाचे लष्करी अधिकारी टेबलावर नकाशा मांडून युद्ध खेळायचे आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात मार्क कार्न्स या इतिहासाच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात भूमिका देऊन इतिहास शिकवायला सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे अनेक कॉलेजांत गेली. आपल्याकडे तर सापशिडीचं जुनं रूप, मोक्षपट, पाप-पुण्याचा विचार शिकवायलाच होतं. परंपरा ते थेट ज्ञानदेवांपर्यंत नेऊन भिडवते.

पण खेळ म्हणजे सगळ्यावरचं औषध नाही, हेही सांगायला हवं. मुलांनी हट्ट धरला की १७ जूनची लढाईपण खेळू. मी नाही म्हटलं. दरबारात निर्णय घ्यायचा असतो, म्हणून तिथे डाव मांडता येतो. मरण खेळायला घेतलं की त्याचं नाटक होतं, आणि दोन मिनिटांत तोंडाने तलवारींचे आवाज काढणं सुरू होतं. त्या दिवशी आम्ही फूलबागेत समाधीपाशी गेलो, अर्धा तास बसलो, कोणी फारसं बोललं नाही. दुसरी सूचना आली की खेळाला गुण ठेवा, म्हणजे सगळे येतील. तेही मी टाळलं. गुण आले की मुलगी महाराजांना प्रश्न विचारण्याऐवजी सरांना काय आवडेल ते बोलेल. मग पुन्हा ‘परीक्षा में आएगा क्या?’च. उपस्थिती तशीही पंचवीसवरून चाळीसवर गेली, तेवढी मला पुरे.

मंडळात आता शिकवणारे बरेच जण आहेत, म्हणून थोडं कामाचं. डावासाठी पैसा लागत नाही. माझा सगळा खर्च कवड्या आणि झेरॉक्सचा. वेळ मात्र लागतो. चाळीस मिनिटांच्या डावामागे माझ्या चार संध्याकाळी चिठ्ठ्या लिहिण्यात गेल्या, कारण चिठ्ठीत खोटं एकही वाक्य चालत नाही. जिथे दोन्ही बाजूंना खरोखर काही गमवायचं आहे असाच प्रसंग घ्या. आणि डावाइतकाच वेळ डावानंतरच्या बोलण्याला ठेवा. तो कापला तर सहकारी म्हणतात ती बालवाडी खरी ठरते.

मोरारच्या त्या मुलीने यंदा स्वतः एक डाव तयार केलाय. १९४८, मध्य भारत राज्य नुकतंच झालंय, राजधानी ग्वाल्हेर की इंदूर? प्रत्यक्षात तोडगा निघाला तो असा की हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. तिने तो चिठ्ठ्यांत कुठेही लिहिलेला नाही. म्हणाली, ‘सर, देखते हैं इनको सूझता है क्या.’ चिठ्ठ्या हिंदीत आहेत. दोन जागी तारखा तपासून घे म्हटलं, तर तिने आधीच तपासलेल्या. जुलैत मला पत्र येईल की नाही ठाऊक नाही. कवड्यांचा डबा मी तिच्याकडेच ठेवायला दिलाय.