तेराशेचं इंजिन की पंधराशेचं?



पॅरिशसाठी गाडी घ्यायची ठरली तेव्हापासून दर रविवारी मिस्सा संपली की आम्हाला एकच प्रश्न यायचा, "कुठली घेतली?" गाडी येऊन आता एक पावसाळा उलटला. तेव्हा कुठली घेतली आणि का, हे एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो. पैसे तुमचे होते. कुणी दहा हजार दिले, कुणी कोंबड्या विकून आलेले तीनशे दिले. हिशेब तुम्हाला कळलाच पाहिजे. शिवाय जुनी डिझेल गाडी शोधणारं आणखी एखादं कुटुंब वाचकांत असेल, त्यांनाही उपयोग होईल.

आम्ही म्हणजे चौघं. जन्मभर सरकारी बस चालवून निवृत्त झालेले मामा, शाळेतल्या बाई, गॅरेजात काम शिकलेला एक तरुण आणि पॅरिशची हिशेबाची वही ज्यांच्याकडे असते ते. फादरांनी आम्हाला साडेआठ लाखांचा आकडा दिला आणि एवढंच सांगितलं, "गाडीत कोण बसणार ते आधी लिहून काढा. मग गाडी बघा."

लिहायला बसलो तर दोन याद्या झाल्या. पहिली यादी रोजची. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला जाणाऱ्या मावशी आणि सोबत त्यांचा मुलगा. रविवारी वाड्यावाड्यांवरून आणायची म्हातारी माणसं. आजाऱ्यांकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणारे फादर. यात गाडीत तीन, फार तर चार माणसं. रस्ता खानापूर तालुक्याचा, म्हणजे पावसात अर्धा चिखल आणि अर्धं पाणी.

दुसरी यादी लहान होती, पण तिच्यापाशी आम्ही अडलो. २०२४ च्या २१ नोव्हेंबरपासून २०२५ च्या ५ जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन होतं. हे दर्शन दहा वर्षांतून एकदा येतं. त्या वेळी आपली जुनी जीप घाट चढण्याच्या अवस्थेत नव्हती. तरणीताठी माणसं चालत गेली, काही बसने गेली. ज्यांना बसची पायरी चढवत नाही अशा पाच जणी घरीच राहिल्या. त्यांतल्या दोघी आता प्रभूच्या घरी आहेत. उरलेल्या तिघींना आणि त्यांच्या वयाच्या इतरांना निदान नोव्हेनाच्या दिवसांत बॉम जेझूच्या बॅसिलिकात नेऊन आणायचं, ही ती दुसरी यादी. यात गाडीत सात माणसं आणि वाटेत चोर्ला घाट.

म्हणजे वर्षाचे साडेतीनशे दिवस तीन माणसं आणि थोडे दिवस सात. इंजिन कुणाच्या मापाचं घ्यायचं?

मामा पहिल्यापासून डिझेलवर ठाम होते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत ओढतं, चिखलातून आणि चढावरून भरलेली गाडी काढायला तेच बरं, हे त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जळून जायला गाडी बराच वेळ एकसारख्या वेगाने पळावी लागते. आठवड्याचे पाच दिवस या वाड्यावरून त्या वाड्यावर सहा-सात किलोमीटर फिरणाऱ्या गाडीची जाळी तुंबते आणि मग खर्च मोठा येतो. म्हणून त्या तारखेच्या आधीची गाडी बघायची ठरली. सात जणांची, आमच्या आकड्यात बसणारी आणि जवळपास दुरुस्त होणारी म्हणजे फिरून फिरून मारुतीची अर्टिगाच समोर यायला लागली.

दिल्लीहून आलेली एक फार स्वस्त मिळत होती. तिकडे १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधन आणलं, तेव्हापासून त्या गाड्या इकडे उतरत असतात. पण एनओसी, कर्नाटकाचा कर, नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई उरत नव्हती. ती सोडली. उरल्या दोन, दोन्ही के.ए. २२ नंबरच्या.

पहिली २०१६ ची, इंजिन १२४८ सीसी, ज्याला सगळे तेराशेचं म्हणतात. ९२,००० किलोमीटर झालेली, एकाच मालकाची, ५ लाख ९० हजार. दुसरी २०१९ ची, इंजिन १४९८ सीसी. १ लाख ३० हजार किलोमीटर, दोन मालक, ८ लाख ३० हजार.

या दोन इंजिनांचा थोडा इतिहास सांगावासा वाटतो, कारण जुन्या गाडीत तो कामाला येतो. तेराशेचं इंजिन मूळ फियाटचं. मारुतीने ते परवान्यावर आपल्याकडे बनवलं आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, सियाझ, ब्रेझा अशा कितीतरी गाड्यांत घातलं. टाटांच्या इंडिका व्हिस्टात आणि मान्झात तेच, फियाटच्या पुंटो आणि लिनियातही तेच. त्यामुळे ते उघडून न बघितलेला मिस्त्री सापडणं कठीण. पंधराशेचं इंजिन सुझुकीने स्वतः तयार केलं. ते २०१९ मध्ये सियाझ आणि अर्टिगात आलं आणि एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. म्हणजे जेमतेम वर्षभराचं आयुष्य. इंजिन चांगलं आहे, पण आणखी सात-आठ वर्षांनी त्याचा एखादा सुटा भाग खानापुरात मागितला तर दुकानदार काय म्हणेल, याचा विचार करावा लागतो.

ताकदीचं म्हणाल तर कागदावर एक ९० अश्वशक्तीचं आणि दुसरं ९५ चं. एवढ्याशा फरकासाठी २ लाख ४० हजार कोण देईल? पण आमच्या तरुणाने दुसरा आकडा दाखवला. तेराशेच्या इंजिनाची पूर्ण ओढ, म्हणजे २०० न्यूटन मीटर, मिनिटाला १७५० फेऱ्यांना येते. पंधराशेची २२५, आणि ती १५०० फेऱ्यांपासूनच मिळायला लागते. टर्बोला फिरायला धूर लागतो आणि फेऱ्या कमी असल्या की धूर कमी. लहान इंजिनात हा तुटवडा जास्त जाणवतो. सपाट रस्त्यावर एकटा माणूस गाडी चालवून बघेल तर दोन्ही सारख्याच वाटतील. विकणारे नेमकी तशीच चालवून दाखवतात.

म्हणून आम्ही दोन्ही मालकांना स्पष्ट सांगितलं, आम्ही सात माणसं बसवून घाटात चालवून बघणार. एकाने कपाळाला आठ्या घातल्या, पण दोघांनीही गाडी दिली. सात माणसं गोळा करणं अवघड गेलं नाही. गोव्याच्या दिशेला गाडी निघते म्हटल्यावर दहाजण तयार झाले! त्यांतल्या वजनदार तिघांना मुद्दाम घेतलं. साठ-साठ किलोची सात माणसं धरली तरी चारशे वीस किलो होतात. आमची त्याहून जास्तच भरली असतील.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत केरीपर्यंत उतरलो, चहा घेतला आणि मागे वळलो. आपल्या बाजूने गोव्याला जाताना उतार आणि परतताना चढ असतो. म्हणजे खरा चढ येतो तो दिवसभर दमलेली म्हातारी माणसं मागे झोपलेली असताना. त्यासाठी परतीचाच घाट बघायला हवा होता.

पहिल्या दिवशी तेराशेची गाडी. आकड्यासारख्या वळणावर वेग विसावर आला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, फेऱ्या दीड हजाराच्या आसपास. पाय दाबला तरी गाडीने क्षणभर विचार केला आणि मग हळूहळू उचललं. मामांनी पुढच्या वळणाआधीच पहिला टाकला, फेऱ्या दोन हजारांवर ठेवल्या आणि तीच गाडी तक्रार न करता वर आली. दुसऱ्या दिवशी पंधराशेची. तेच वळण, तोच दुसरा गिअर, आणि मागच्या सीटवरच्या काकूंची जपमाळसुद्धा थांबली नाही.

मग आम्ही तरुणाला चालवायला दिलं, नंतर बाईंना. पंधराशेच्या गाडीत तिघांच्या चालवण्यात फरक जाणवला नाही. तेराशेच्या गाडीत मोठा फरक पडला. मोठं इंजिन चालवणाऱ्याचं बरंच सांभाळून घेतं. लहान इंजिनाला चालवणारा समजदार लागतो, नाहीतर ते खालच्या फेऱ्यांत कुथत राहतं आणि क्लच प्लेट लवकर जाते. पॅरिशची गाडी आज हा, उद्या तो, असे पाच-सहा जण चालवणार. तिथे मोठं इंजिनच हवं, असं त्या संध्याकाळी आमचं जवळजवळ ठरलं होतं.

इथे एक अवांतर गोष्ट. मामा म्हणाले, "गाडीचं सोडा, आपल्या पॅरिशमध्येही हेच आहे की. दर कामाला तीच चार माणसं, आणि सगळं ओझं त्यांच्यावर." निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे वाद मिटवत बसलेला दिसतो आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणतो की, असं केलंस तर तूही थकशील आणि लोकही थकतील. इथ्रोने जास्त ताकदीचा मोशे शोधायला सांगितलं नाही. ओझं वाटून द्यायला सांगितलं. फादरांना हे ऐकवलं तर ते हसले. म्हणाले, "मग गाडीतली माणसं वाटता येतात का, तेही बघा."

आम्ही तसं बघायला लागलो आणि हिशेब फिरला. सात जणांऐवजी घाटात पाचच नेले तर? एक मोठी फेरी करण्याऐवजी नोव्हेनाच्या नऊ दिवसांत दोन-तीन फेऱ्या केल्या तर? सणाच्या दिवशी, ३ डिसेंबरला, तिथे मुंगीला वाट नसते. त्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना नेण्यात तसाही अर्थ नव्हता. घाटात चालवायला मामा आणि त्यांनी शिकवलेला एक जण, एवढ्यांनीच बसायचं, बाकीच्यांनी खालचे रस्ते सांभाळायचे. अशाने घाटाचा प्रश्न इंजिन न वाढवताही सुटत होता.

तरी शेवटचा शब्द आम्ही इंजिनांनाच दिला. जुन्या गाडीत लहान-मोठं यापेक्षा त्या एका इंजिनाला आजवर कसं वागवलं गेलं, हे जास्त मोलाचं. दोन्ही मालकांना आदल्या रात्री सांगितलं, सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना बरंच खरं बोलतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडलं. तेराशेच्या गाडीत तिथून नुसती ऊब आली. पंधराशेच्या गाडीत फुस्‌फुस्‌ करून वाफ येत राहिली, झाकण सैल ठेवलं तर ते नाचायला लागलं. आमचा तरुण गप्प झाला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की हवा अशी खाली उतरते. घाटात आमच्यापैकी कुणालाही ते कळलं नव्हतं, कारण मोठ्या इंजिनापाशी ताकद शिल्लक असते आणि तिच्याआड दुखणं झाकलं जातं. सर्व्हिसच्या पावत्या मागितल्या तर पहिल्या मालकाने फाइल काढून दिली, ऑइल दर वर्षी बदललेलं. तेराशेच्या इंजिनात टायमिंगची साखळी असते आणि ऑइल बदलायला उशीर केला की ती सैल पडते, म्हणून त्या पावत्या आम्ही एकेक करून वाचल्या. दुसऱ्याकडे मधल्या दोन वर्षांचं काहीच नव्हतं.

तेराशेची घेतली. पंधराशेच्या गाडीचं इंजिन निरोगी असतं तर आम्ही काय केलं असतं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. बाई म्हणतात, तरी हीच. मामा म्हणतात, "बघितलं असतं."

आता पैशांचं. साडेआठ लाखांतून गाडीचे ५ लाख ९० हजार गेले. नवे टायर, क्लच प्लेट, विमा आणि नावावर करणं यात ६५,००० गेले. उरले १ लाख ९५ हजार. गाडी वर्षाला साधारण दहा हजार किलोमीटर धावेल, लिटरला १८ किलोमीटर देईल आणि डिझेल ९० रुपये, असं धरलं तर वर्षाचं डिझेल पन्नास हजारांच्या आसपास होतं. म्हणजे मावशींकडून एक पैसा न घेता त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या तीन वर्षं तरी नक्की चालतील. मोठी गाडी घेतली असती तर टायरलासुद्धा पुन्हा तुमच्यापुढे झोळी धरावी लागली असती.

पावसाळ्यात गाडी दोनदा चिखलात रुतली, दोन्ही वेळा वाड्यावरच्या पोरांनी ढकलली. तिथे इंजिनाचा प्रश्न नव्हता.

नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते. पहिल्या फेरीच्या पाच जागा भरल्या आहेत. मागच्या वेळी राहून गेलेल्या तिघी त्याच फेरीत आहेत. दुसऱ्या फेरीत अजून दोन जागा आहेत, नावं बाईंकडे द्यावीत. ज्यांच्या घरी व्हीलचेअर आहे त्यांनी आधी सांगावं, म्हणजे मागची सीट दुमडून ठेवता येईल. निघण्याची वेळ पहाटे पाच, चर्चच्या दारातून.